आभाळ भरून आलं आणि मी ‘रहमत’ म्हणालो

रमजान उन्हाळ्यात आला की रोजेदाराचं लक्ष घड्याळाइतकंच आभाळाकडेही असतं. आमचं हिजरी वर्ष चंद्रावर चालतं. ते इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी तेवढाच अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०२३ मध्ये तो गुढीपाडव्यानंतर दोनच दिवसांनी, २४ मार्चला सुरू झाला. म्हणजे ऐन उन्हाळ कांद्याच्या काढणीत.

लासलगावच्या माणसाला उन्हाळ कांदा म्हणजे काय, हे सांगायला नको. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. डिसेंबर-जानेवारीत लावलेला हा कांदा मार्चअखेर ते एप्रिलमध्ये निघतो. उपटला की तो पातीसह काही दिवस वावरातच पसरून ठेवतात. पातीचा रस आत जिरतो, मान सुकते, साल घट्ट होते. मग पात कापायची, सावलीत वाळवायचा आणि चाळीत भरायचा. नीट वाळलेला कांदा चाळीत दिवाळीच्या आसपासपर्यंत टिकतो. शेतकऱ्याचा दवाखाना, मुलांची फी, सोसायटीचं कर्ज, मुलीचं लग्न, सगळं त्या चाळीत असतं. पण उपटून पडलेल्या कांद्यावर पाणी पडलं की गणित संपतं. ओल मानेतून आत शिरते, चाळीत सड लागते आणि एक सडका कांदा शेजारच्या दहांना घेऊन जातो.

त्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली ही गोष्ट. पंधरा-सोळा रोजे झाले होते. दिवसभर अंगाची लाही. कॉलेजातून घरी आलो तेव्हा घसा कोरडा पडला होता. इफ्तारला तास-दीड तास होता. तेवढ्यात पश्चिमेकडून वारा सुटला, आभाळ काळं झालं, ओल्या मातीचा वास आला. धाकटी लेक गच्चीवरून ओरडली, “अब्बा, ऊपर आओ, देखो कितनी ठंडी हवा!” सगळं घर गच्चीवर. आईसुद्धा जिना चढून आली. थेंब पडू लागले. मी हात पसरून म्हणालो, “अल्लाह की रहमत है.” रहमत म्हणजे ईश्वरी कृपा. मोबाइल काढला, काळ्या ढगांचा फोटो घेतला आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, ‘रोजेदारांसाठी रहमत’.

आमच्या गल्लीत सरीवर निभावलं. रात्री तरावीहच्या नमाजाला जाताना रस्ते धुतलेले, हवा गार. झोप छान लागली.

सहेरीचं दूध

आमच्याकडे दूध घालायला एक नाना येतात. विंचूरच्या बाजूला त्यांचं दोन-अडीच एकर वावर, तीन गायी. माझे वडील होते तेव्हापासूनचा रतीब. एरवी ते सकाळी साडेसहाला येतात. रमजानात मात्र पहाटे चारच्या आत त्यांची मोटारसायकल दारात वाजते, कारण आमची सहेरी, म्हणजे रोजा सुरू होण्यापूर्वीचं खाणं, पहाटे असते. हे आम्ही त्यांना कधी सांगितलेलं नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका रमजानात त्यांनी आईला विचारलं, “भाभी, तुम्ही पहाटं उठता ना? मग दूध कालचंच पिता व्हय?” दुसऱ्या दिवसापासून ते चारच्या आत यायला लागले. महिनाभर एक माणूस आपली झोप मोडून दुसऱ्याच्या उपवासाला ताजं दूध पोचवतो, आणि आम्ही त्याला ‘नाना वेळेवर येतात’ एवढंच म्हणत आलो.

त्या रात्रीनंतरच्या पहाटेही नाना आले. वेळेवर. कॅन काढताना त्यांचा हात थरथरत होता. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. मी म्हणालो, “नाना, पावसात भिजलात का?”

ते म्हणाले, “पोरगा सांगत व्हता, सर, तुमच्याकडं गारवा झाला म्हणून. मोबाइलवर पाहिलं त्यानं. बरं झालं. रोजे कडक चालले व्हते.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मी विचारलं, “आणि तुमच्याकडे?”

“गारा पडल्या. कांदा सारा उपटून वावरात व्हता. झोडपून काढला. वर पाणी साचलं.” एवढं बोलून त्यांनी दुधाचं माप पुरं केलं, वर थोडं ओतलं, नेहमीसारखं.

त्यांचा मुलगा माझाच विद्यार्थी. माझं स्टेटस त्याने पाहिलं होतं. ज्या वेळी मी ढगाचा फोटो टाकला, त्याच वेळी तो, नाना आणि काकू वावरात ताडपत्री धरून पळत होते. ताडपत्री एक होती आणि कांदा दीड एकराचा. मी स्टेटस पुसलं. पण पुसून काय होतं? त्या पहाटे सहेरीचा घास माझ्या घशाखाली उतरला नाही.

ढग पाहून चिंता करणारा चेहरा

मी धर्मशास्त्राचा विद्वान नाही. भाषा शिकवणारा माणूस आहे. पण त्या दिवशी मला लहानपणी मक्तबमध्ये ऐकलेली एक गोष्ट आठवली. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की आभाळ भरून आलं किंवा जोराचा वारा सुटला की पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या चेहऱ्यावर चिंता दिसे. आयेशांनी विचारलं, लोक तर ढग पाहून खूश होतात, तुम्ही अस्वस्थ का होता? त्यांनी उत्तरात ‘आद’ नावाच्या जुन्या समाजाची आठवण दिली. त्या लोकांनीही येणारा ढग पाहून, हा आता आपल्याला पाऊस देणार, असं म्हटलं होतं. त्या ढगात त्यांचा विनाश होता. कुरआनच्या ‘अहकाफ’ या सूरहमध्ये ही कथा आहे.

दुसरा प्रसंग मदिनेतला. दुष्काळ पडला होता. शुक्रवारच्या खुत्ब्याच्या वेळी एका माणसाने पैगंबरांना पावसासाठी दुआ करायची विनंती केली. दुआ झाली, पाऊस आला आणि आठवडाभर थांबेना. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तक्रार आली, घरं पडताहेत, जनावरं बुडताहेत. तेव्हा त्यांनी दुआ केली ती अशी, की हा पाऊस आमच्यावर नको, आमच्या आजूबाजूला पडू दे, टेकड्यांवर, दऱ्यांत, झाडं उगवतात तिथे.

शिकवण साधी आहे. तोच पाऊस एकाला वरदान असतो आणि दुसऱ्याला संकट. ‘रहमत’ म्हणण्याआधी चहूकडे पाहावं लागतं. मी गच्चीवरून फक्त आभाळ पाहिलं होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आद समाजाची गोष्ट सांगून ‘बघा, आपत्ती म्हणजे पापाची शिक्षा’ असं म्हणणारे लोक प्रत्येक धर्मात भेटतात. गारपिटीनंतर असं बोलणारे मलाही भेटले. पण पैगंबरांच्या चेहऱ्यावर दिसे ती चिंता होती. दुसऱ्याच्या विनाशावरचा निवाडा तिथे नव्हता. आपल्या देशात हा वाद फार मोठ्या दोन माणसांत झालेला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असं महात्मा गांधींनी म्हटलं. रवींद्रनाथ टागोरांना गांधींबद्दल अपार आदर होता, तरी त्यांनी जाहीरपणे असहमती दाखवली. निसर्गाच्या घटनेला नैतिक शिक्षा म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. अस्पृश्यता हे पाप आहेच, याबद्दल दोघांत दुमत नव्हतं. पण भूकंपात गेलेल्या माणसांत दलितही होते, लेकरंही होती. माझं मत टागोरांच्या बाजूचं आहे. नानांनी कुठलं पाप केलं होतं? पहाटे चारला दूध आणलं, हेच?

रविवार, वावरात

त्या रविवारी मी आणि मोहल्ल्यातली सात-आठ मुलं नानांच्या वावरात गेलो. मी आधी मशिदीत मौलानांना विचारलं, रोज्यात मुलांना उन्हात कामाला नेऊ का? ते म्हणाले, “त्यांना झेपेल तेवढंच सांगा. आणि सर, तुम्हीही जा. केवळ मुलांना पाठवू नका.” बाजार समितीत हमाली करणारे दोघे जण आमच्याबरोबर आले. कांदा हाताळायचं ज्ञान त्यांनाच होतं. मी तर कांदा आयुष्यभर खाल्ला, त्यावर निबंध तपासले, पण ओला कांदा निवडायचा कसा, हे त्या दिवशी शिकलो.

गारेचा मार बसलेला कांदा वेगळा, फक्त भिजलेला वेगळा, खालच्या थरातला कोरडा वेगळा. मार बसलेला फेकायचा, भिजलेला पसरायचा आणि मिळेल त्या भावात लगेच विकायचा, कोरडा वाळवून चाळीत न्यायचा. दुपारपर्यंत पाठ धरली. काकूंनी आमच्यासाठी माठ भरून ठेवला होता. आम्ही रोज्यात आहोत हे लक्षात येताच त्यांनी तो उचलून छपराआड नेला आणि स्वतःच्या घरच्या माणसांनाही तिकडेच जाऊन पाणी प्यायला सांगितलं. त्यांचं पीक गेलं होतं, आणि त्यांना काळजी होती आमच्या तहानेची.

निम्म्याहून जास्त कांदा गेला होता. जो वाचला त्याला भाव काय होता? याच वर्षी फेब्रुवारीत भाव इतके कोसळले होते, की लासलगावात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून, सगळा खर्च वजा जाता, दोन रुपयांचा धनादेश हातात पडल्याची बातमी सगळ्यांनी वाचली होती. सरकारने फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, तेही २०० क्विंटलपर्यंत. नानांचा कांदा तर एप्रिलमध्ये निघाला होता. नुकसानभरपाईसाठी पंचनामा, आणि त्यात ३३ टक्क्यांपेक्षा जास्त नुकसान दिसलं पाहिजे ही अट. जिल्ह्यात बागलाण, कळवण, देवळा भागांतही तेव्हा गारपिटीने असंच झोडपलं होतं. वाट पाहणारे हजारो होते.

संध्याकाळी परत निघालो तेव्हा नाना म्हणाले, “सर, रोजा इथंच सोडा.” आम्ही तिथेच सोडला. खजूर आमच्या खिशात होते. पिठलं-भाकरी काकूंची. आणि कांदा, अर्थातच, वावरातला, गारेचा मार बसलेला, बुक्कीने फोडलेला.

मदत कशी करावी, हा खरा प्रश्न

मोहल्ल्यात परतल्यावर चर्चा झाली. रमजान हा जकातीचा महिना. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर जवळ असेल तर तिच्या अडीच टक्के जकात देणं मुसलमानावर बंधनकारक आहे. बहुतेक लोक ती रमजानात काढतात. एका तरुणाने विचारलं, नानांना जकात देता येईल का?

मौलानांनी सरळ उत्तर दिलं. जकात कोणाला द्यायची याचे आठ प्रकार कुरआनात सांगितले आहेत, त्यात कर्जात बुडालेलेही आहेत. पण बहुतेक फकीह, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, जकात मुस्लिम गरजूंसाठी मानतात. सदका मात्र, म्हणजे ऐच्छिक दान, कोणालाही देता येतो. त्यांनी कुरआनातल्या ‘इन्सान’ या सूरहची आठवण दिली. तिथे गरिबाला, अनाथाला आणि कैद्याला जेवू घालणाऱ्यांचं कौतुक आहे, आणि ते बदल्यात आभारसुद्धा मागत नाहीत असं म्हटलं आहे. त्या काळचे कैदी म्हणजे बहुधा युद्धात समोरच्या बाजूने लढलेले लोक. त्यांना घास द्यायला धर्म सांगतो, मग रोज दूध देणाऱ्याला द्यायला कोणाची परवानगी हवी?

शेतीच्या उत्पन्नावर इस्लाममध्ये ‘उश्र’ आहे. आपोआप पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, आणि कष्टाने पाणी देऊन पिकवलेल्याचा विसावा. घाम जास्त, तर देणं कमी. पीक नष्ट झालं तर काहीच नाही. चौदाशे वर्षांपूर्वीच्या या हिशेबात शेतकऱ्याचा घाम धरलेला आहे.

पैसे गोळा झाले. मी ते घेऊन नानांकडे गेलो. आणि पुन्हा चुकलो. पाकीट पाहताच नानांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “सर, मी दूध घालायला येतो तुमच्याकडं. उद्यापासून कसा येऊ?”

त्या एका वाक्याने मला जे शिकवलं ते कुठल्याच पुस्तकात इतक्या स्पष्टपणे वाचलं नव्हतं. संकटात माणसाचं पीक जातं, घर जातं, पण त्याच्याकडे एक गोष्ट उरलेली असते. मान वर करून दारात येण्याची. मदतीच्या नावाखाली आपण तीच काढून घेतो. रेशनचं किट देताना काढलेले फोटो आठवा. इफ्तारच्या पाकिटांबरोबर गरिबाचा चेहरा छापणारे आमच्यातही आहेत. मीही कधीकाळी अशा फोटोत उभा राहिलो आहे.

घरी येऊन बायकोशी बोललो. तोडगा तिने काढला. आम्ही आणि गल्लीतल्या रतीबाच्या आणखी सहा घरांनी नानांना चार-चार महिन्यांच्या दुधाची उचल द्यायची. ही भीक नाही, व्यवहार आहे. आमच्याकडे याला ‘कर्ज-ए-हसना’ म्हणतात. बिनव्याजी, बिनतगाद्याचं कर्ज. नानांनी ते घेतलं. वहीत प्रत्येक घराचं नाव लिहिलं, तारीख टाकली, सही केली. चेहरा पुन्हा पूर्वीसारखा. कापणीच्या मजुरांचे पैसे त्यातून निघाले. मुलाचे परीक्षेचे पैसे भरायचे राहिले होते, तेही निघाले. तो शिक्षक म्हणून माझ्या समोर वर्षभर बसला होता आणि त्याची फी थकल्याचं मला ठाऊक नव्हतं, हेही इथे कबूल करतो.

उपाशी राहिलेला खलिफा, बुडवलेली खतं

सत्तेतल्या आणि पैशातल्या माणसाने आपत्तीत कसं वागावं, याची दोन उदाहरणं मी त्या वर्षीपासून वर्गात सांगतो. एक अरबस्तानातलं, एक आपल्या देहूचं.

हिजरी सन १८, म्हणजे इसवी सन ६३९ च्या सुमारास, मदिनेच्या परिसरात मोठा दुष्काळ पडला. जमीन राखेसारखी झाली म्हणून त्याला ‘आमुर्रमादा’, राखेचं वर्ष, म्हणतात. खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी लोकांना मिळत नाही तोवर आपणही तूप-मांस खाणार नाही, असं ठरवलं. तेल-भाकरीवर दिवस काढले. त्यांचा रंग काळवंडला असं इतिहासकार लिहितात. इतर प्रांतांतून धान्याचे काफिले मागवले. त्या वर्षाची जकात वसुली पुढे ढकलली, आणि भुकेपोटी चोरी करणाऱ्याला शिक्षा देणं थांबवलं.

दुसरं उदाहरण संत तुकाराम महाराजांचं. १६३० च्या आसपासच्या भयंकर दुष्काळात त्यांच्या घरातली माणसं गेली, व्यापार बुडाला. परंपरा सांगते, की वडिलोपार्जित सावकारीची खतं होती, त्यातला भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. ज्यांच्याकडून येणं होतं तेही दुष्काळातलेच होते.

दोघांनी आपत्तीत एकच केलं. आपला हक्क थोडा मागे घेतला. देणं नंतर येतं, आधी आपलं घेणं थांबवावं लागतं. याचा घरगुती अर्थ मला तेव्हाच बाजारात कळला. गारपिटीनंतर भिजलेला कांदा रस्त्याच्या कडेला मातीमोल विकला जात होता. गाडीवाले थांबून घासाघीस करत होते. मीही थैली घेऊन उभा होतो. सवयीने तोंडातून निघणार होतं, ‘थोडा कमी करा.’ नाही निघालं. सांगितला तो भाव दिला. त्याने काही त्या शेतकऱ्याचं भलं झालं नसेल, पण माझ्या हातून त्याचं आणखी नुकसान झालं नाही.

ओळख हीच मोठी ठेव

आपत्तीत माणुसकी ‘जागी होते’ असं आपण म्हणतो. मला वाटतं, ती आधीपासून साठवलेली असते. कोरड्या दिवसांत साठवलेला कांदाच चाळीत टिकतो, तसं.

३० जुलै २०१४ ची सकाळ आठवा. आदल्याच दिवशी रमजान ईद झाली होती. आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. बाहेरच्या जगाला ही बातमी कळली ती एका एसटीचालकामुळे. रोजच्या फेरीला आलेल्या त्या माणसाला जिथे गाव होतं तिथे चिखल दिसला. गाव नाही हे त्याच्या लक्षात आलं, कारण तो गावात रोज येत होता. अनोळखी माणूस तिथून गेला असता तर त्याला फक्त डोंगराचा चिखल दिसला असता.

आपल्याच तालुक्यात ४ ऑगस्ट २०१९ ला गोदावरीला महापूर आला. चांदोरी, सायखेडा पाण्याखाली गेले. लोकांना बाहेर काढणाऱ्यांत आघाडीवर त्याच गावांतले पोहणारे तरुण होते. कोणत्या घरात म्हातारी एकटी राहते, हे त्यांना ठाऊक होतं. आणि दूर केरळात, ऑगस्ट २०१८ च्या महापुरात त्रिशूर जिल्ह्यातल्या माळा परिसरात एक मशीद पाण्यात होती. २२ ऑगस्टला बकरी ईद आली. जवळच्या मंदिराने आपलं सभागृह ईदच्या नमाजासाठी उघडून दिलं. शेजाऱ्यांचा सण आहे आणि त्यांना जागा नाही, हे ज्यांना दिसलं त्यांनी दार उघडलं.

या तिन्ही ठिकाणी मदत पोचली ती आधीच्या ओळखीच्या रस्त्याने. एसटीची फेरी, पोहायचा घाट, शेजारचं दार. आमच्या घरी तो रस्ता दुधाच्या कॅनचा होता. तो वीस वर्षं नानांच्या बाजूने रोज वापरात होता. आमच्या बाजूने मी कधी त्यांच्या वावरापर्यंत गेलो नव्हतो.

म्हणून आज आपल्या गावात, देशात, जेव्हा एकमेकांशी व्यवहार तोडा, अमुककडून घेऊ नका, तमुकला विकू नका, अशी भाषा ऐकू येते, तेव्हा मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते. वाद झाले तर मिटतात. पण रोजचा दूध-भाजीचा व्यवहार तुटला तर उद्या गारपीट झाल्यावर कोण कोणाला विचारणार? कोणाच्या पँटवरचा चिखल कोणाला दिसणार?

एकाच दिवशी दोन सण

त्या वर्षी २२ एप्रिलला ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी आली. पहाटे नाना नेहमीपेक्षा दुप्पट दूध घेऊन आले, शीरखुर्म्यासाठी. जास्तीचं दूध वहीत मांडू दिलं नाही. “हे सणाचं,” म्हणाले. नमाजानंतर आम्ही शीरखुर्म्याचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या दारात पितरांची घागर भरलेली होती, काकूंनी आमरस केला होता. निघताना त्यांनी एक छोटी थैली हातात दिली. चाळीत गेलेल्या कांद्यातला निवडक कांदा. मी नको म्हणणार होतो. मग पाकीट पाहून उतरलेला त्यांचा चेहरा आठवला, आणि थैली घेतली. घेता येणं हाही मान देण्याचाच भाग आहे.

त्यांचं नुकसान त्यामुळे भरून आलं, असं मी म्हणणार नाही. आलं नाही. ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, लिलाव पुन्हा बंद पडले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला निफाड तालुक्यात पुन्हा गारपीट झाली, द्राक्षबागा गेल्या. शेतकऱ्याची परीक्षा एका रमजानात संपत नाही. आणि सात घरांची दुधाची उचल हे सरकारचं काम करू शकत नाही. पंचनामे वेळेत होणं, विमा मिळणं, धोरण स्थिर राहणं, हे मागत राहिलं पाहिजे, सगळ्यांनी मिळून.

पण शेजाऱ्याचं काम सरकारही करू शकत नाही. उचल चार महिन्यांत फिटली. शेवटच्या दिवशी नानांनी वही आणून दाखवली. आईने चष्मा लावून पानं पाहिली आणि म्हणाली, “इतना लिखने की क्या ज़रूरत थी?” नाना म्हणाले, “भाभी, लिहिलं म्हणून तर घेता आलं.”

रोजा कशासाठी, असं मला विद्यार्थी विचारतात. भुकेची जाणीव व्हावी म्हणून, असं उत्तर मी वर्षानुवर्षं दिलं. ते अर्धंच उत्तर होतं. माझी भूक मी निवडलेली असते, आणि अजान झाली की ती संपते. नानांच्या घरात आलेली टंचाई त्यांनी निवडलेली नव्हती, आणि ती कधी संपेल हे सांगणारी अजानही नव्हती. दोन्ही भुका एक नाहीत. पहिलीने दुसरीकडे लक्ष गेलं, तरच रोजा कामी आला म्हणायचा.

आता रमजान असो वा नसो, आभाळ भरून आलं की मी गच्चीवर जाण्याआधी एक फोन करतो. “नाना, कांदा कुठंय? वावरात की चाळीत?” कधी ते म्हणतात, “आत हाये सर, येऊ द्या पाऊस.” मग मी लेकीला हाक मारतो आणि आम्ही गच्चीवर जातो.

वाचकहो, सर्वांना रमजान मुबारक. तुमच्या दारात रोज येणारं जे कोणी असेल, त्याच्या वावराचा, घराचा, लेकरांचा पत्ता एकदा विचारून ठेवा.